लग्नाची सीडी

आमच्याकडे गोल चकचकीत तबकडी म्हटली की ती सीडीच. भजनाची असो, सिनेमाची असो, नाहीतर लग्नाची. डीव्हीडी हा शब्द मी नातवाकडून नीट शिकलो, तोही साठी उलटल्यावर. तेव्हा या लिहिण्यात कुठे सीडी आलं आणि कुठे डीव्हीडी, तर वाचणाऱ्याने एकच समजावं.

ही सीडी माझ्या लेकीच्या लग्नाची. लग्न २००६ च्या मे महिन्यात झालं, आमच्याच दारात, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे तिथे. लेक दिली महाडला. महाड म्हणजे आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर, सकाळच्या एसटीने जावं आणि दुपारच्या एसटीने यावं एवढंच. बाजारपेठेजवळ घर, तळमजला, जावयाचा धंदाही तिथेच. लग्न ठरवताना भावकीतले म्हणाले होते, घर सखल जागी आहे, सावित्री आणि गांधारी दोघी वर आल्या की पाणी भरतं. मी म्हटलं, महाडात पाणी कुणाच्या घरात येत नाही? येतं आणि जातं.

२२ जुलै २०२१ ला आलं ते मात्र तसं येऊन जाणारं नव्हतं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला, आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरड पडली. आंबेनळी घाट बंद, लाईट नाही, फोन लागेना. लेक जिवंत आहे एवढं कळायला आम्हाला दोन दिवस गेले. ती, जावई आणि पोरं शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेली होती म्हणून वाचली. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो, तर घरात भिंतीला छताच्या खाली हातभर अंतरावर चिखलाची रेघ. फ्रीज उताणा. आणि दारात बसून लेक लग्नाचा अल्बम उघडायला बघत होती. पानं एकमेकांना चिकटलेली. एक पान सुटलं तर त्यावर रंग होते, माणसं नव्हती.

तिच्याकडची सीडी चिखलात सापडली. ती तिने धुतली, पुसली, पण खालच्या बाजूला इतके ओरखडे, की कशातच चालेना.

"आबा, माझ्या लग्नाचं काहीच उरलं नाही," म्हणाली. घर गेलं, दुकान गेलं, त्याबद्दल ती तेवढं रडली नव्हती.

मी म्हटलं, "आपल्याकडची आहे की. ट्रंकेत आहे."

होतीच ती. पण ट्रंकेत सीडी असणं आणि ती बघता येणं यात फरक आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. आमचा डीव्हीडी प्लेयर केव्हाच बसला होता. आधी त्याचा खण बाहेर यायचा बंद झाला, मग तो माळ्यावर गेला, मग त्याची वायर उंदरांनी खाल्ली. गावात आणखी तीन-चार घरी प्लेयर होते, तेही असेच माळ्यावर. आता सगळं मोबाईलवर. थोरल्याचा लॅपटॉप नवा, त्याला सीडी घालायची जागाच नाही. महाडात असली कामं करणारी दुकानं होती, पण त्या महिन्यात तिथला दुकानदार सीडी बघणार की दुकानातला चिखल काढणार?

शेवटी गणपतीत तोड निघाली. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. थोरला मुंबईहून बायकापोरांना घेऊन आला आणि नातवाने येताना त्याचं खेळाचं यंत्र आणलं. प्लेस्टेशन थ्री. जुनं, मित्राकडून विकत घेतलेलं. काळं, जड, वरून फुगीर. आमच्या पाच किलोच्या वजनाला सहज उतरेल. मी आधी रागावलो. म्हटलं, गणपतीला आलास का गाड्या पळवायला? तर तो म्हणाला, "आबा, ह्याच्यात आत्याची डीव्हीडी लागंल."

ते मला पटेना. खेळाच्या यंत्रात लग्न कसं लागणार? त्यावर तो हसायला लागला.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही सीडी आमच्या घरात भांडणाची सीडी होती.

लग्नाच्या वेळी शूटिंग करायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या रुबाबात होतो. पहिलंच कार्य घरचं. शूटिंगवाला आला तो खांद्यावर कॅमेरा आणि बरोबर हॅलोजनचा दिवा धरायला एक पोरगं घेऊन. मी त्याला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं, की पाहुणे सगळे आले पाहिजेत, मुंबईवाले आले पाहिजेत, सरपंच आले की त्यांच्यावर जरा वेळ थांब, खालूबाजा नीट घे, आहेराची पंगत घे. तो विचारत होता, की घरातलं काय घ्यायचं? मी म्हटलं, घरातल्यांना काय, ती रोज दिसतात.

आणि ज्या आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं तो आदल्या रात्री आजारी पडला. मी बायकोला म्हटलं, भावकीतल्या बायका घे आणि स्वयंपाकाकडे तूच बघ. पाचशे माणसांचा भात, आमटी, बटाट्याची भाजी, बुंदी. ती मागच्या दारी जी गेली ती संध्याकाळीच मोकळी झाली. तिच्यासाठी महाडहून आणलेली साडी घडीचीच राहिली.

सीडी आली तेव्हा आम्ही सगळे वाडीसकट बसलो बघायला. तीन तास. तीन तासांत माझी बायको एकदाही नाही. हळदीत तिचा एक हात दिसतो, तोही चुडा ओळखीचा म्हणून कळलं. मी मात्र जिथेतिथे, फेटा बांधून. बघून झाल्यावर ती म्हणाली, "लेकीच्या लग्नाला मी नव्हतेच म्हणायची." आणि उठून गेली. तेव्हापासून पंधरा वर्षं ती सीडी कुणी लावली की ती घरात थांबायची नाही. शेणाला जायची, पाण्याला जायची. पाठवणीला आपल्याला कुणी हाकसुद्धा मारली नाही, मागच्या दारी आपण भांडी मोजत होतो आणि जीप गेल्याचा आवाज आला, असं ती बायकांत सांगायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

तर आता सीडी. ट्रंकेतून काढली तर तिच्यावर बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यावर, पुस्तकांवर पांढरी बुरशी धरते, तशीच. वर शूटिंगवाल्याने नवरानवरीच्या फोटोचा कागद चिकटवलेला, त्याची एक कड सुटलेली. नातू म्हणाला, हे यंत्र सीडी गिळून घेतं, खण बाहेर येत नाही, कागद आत सुटला तर सीडीही जाईल आणि यंत्रही. थोरल्याचा एक मित्र डोंबिवलीला टीव्ही दुरुस्त करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, कागद ओला करून हळूहळू काढून टाका. साध्या सीडीत चित्राचा थर वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो, तिथे असं केलं तर थरच निघून येतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, अर्धा-पाऊण मिलिमीटर आत, म्हणून सहसा भीती नाही. पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल पुसू नका.

कागद मी काढला. नवरानवरीचा फोटो बोटांना लगदा होऊन आला तेव्हा बरं वाटलं नाही. लेकीला मी ते सांगितलं नाही.

आमच्या टीव्हीचंही सांगतो. ४० इंची, फुल एचडी, थोरल्याने २०१९ च्या दिवाळीत आणलेला. भिंतीला लावलेला. निसर्ग वादळात घरावरचे पत्रे गेले, छत्री गेली, पण टीव्ही राहिला. आमची छत्री साधी, चित्र साधंच येतं. त्यामुळे हा टीव्ही किती स्वच्छ दाखवू शकतो ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

यंत्राबरोबर तीन रंगांची वायर होती, पिवळी, लाल, पांढरी. ती लावली. सीडी आत गेली. थोडा वेळ घरघर झाली आणि गणपतीचं चित्र, वर 'शुभविवाह' आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण चित्र असं, की कार्तिकातलं धुकं. माणसांच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. थोरला म्हणाला, जुनीच आहे, अशीच दिसणार. नातू म्हणाला, "नाही, वायर चुकलीय." पिवळ्या वायरीतून सगळं चित्र एका तारेतून येतं आणि जुन्या टीव्हीच्या मापाचंच येतं म्हणे. चपटी वायर पाहिजे, एचडीएमआय. ती यंत्राच्या खोक्यात कंपनी देतच नसे. एवढं महाग यंत्र आणि वायर तुमची तुम्ही आणा! पेरणी यंत्राबरोबर फाळ वेगळे विकणाऱ्यांची आठवण झाली.

वायर मिळाली ती खालच्या घरातून. त्यांच्याकडे एचडी छत्री आहे, तिच्या डब्याला ती होती. त्या घरच्या म्हातारीची मालिका संध्याकाळी सातला, तोवर परत द्यायच्या बोलीवर आणली.

वायर बदलली तर टीव्ही काळा. आता काय? नातवाने यंत्राचं बटण दाबून धरलं. एक पीं झालं, त्याने सोडलं नाही. थोड्या वेळाने दुसरं पीं झालं, मग सोडलं. म्हणे दुसऱ्या आवाजाला यंत्र आपली जुनी खोड सोडून देतं आणि कुठली वायर लावलीय ते नव्याने बघतं. बैलाला नवीन जागी बांधला की तोही असाच पहिल्यांदा सगळं हुंगून घेतो.

चित्र आलं. आणि खरंच स्वच्छ आलं. पण सगळी माणसं जाड. माझी आई, जी आयुष्यभर काटकीसारखी होती आणि २००९ ला गेली, ती गालफडं भरलेली, रुंद खांद्यांची. लेक तिथेच म्हणाली, "ही आजी नाही." नवरदेव म्हणजे आमचा जावई तर पिंपासारखा. पोरं हसत सुटली. मी म्हटलं, बंद कर आधी. माझ्या आईला असं बघायचं नाही मला.

इथे नातवाने मला बाजूला बसवून जे समजावलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा खोलात लिहितो. आपल्याकडची डीव्हीडी म्हणजे ठिपक्यांचं चित्र. आडवे ७२० ठिपके, उभे ५७६. गुणाकार केला तर ४,१४,७२०. आमचा टीव्ही आडवा १९२०, उभा १०८०. म्हणजे २०,७३,६००. माझं गणित दहावीपर्यंतचं, पण भागाकार मी पंचांगाच्या मागे पेन्सिलीने स्वतः केला. बरोब्बर पाच. एक ठिपकाही इकडेतिकडे नाही. म्हणजे सीडीत एक ठिपका आहे तिथे टीव्हीला पाच पाहिजेत. मग बाकीचे चार आणायचे कुठून? तर ते यंत्र घालतं. हा ठिपका काळा, तो पांढरा, मग मधला करडा असणार, असा हिशेब करून भरतं.

मी म्हटलं, म्हणजे नजर पैसेवारी.

त्याला कळलं नाही. मग मी त्याला समजावलं. पीक उभं असताना सरकारी माणसं येऊन बांधावरून नजर टाकतात आणि गावाचं पीक किती येईल ते लिहितात. ती नजर पैसेवारी. पुढे सुधारित होते, मग अंतिम. त्यात एखादा तुकडा कापून, झोडून, वजन करून त्यावरून सगळ्या गावाचा अंदाज बांधतात. अंदाज नेहमी चुकतो असं नाही. पुष्कळदा जवळ येतो. पण तो अंदाज कणगीत भरता येत नाही.

नातू म्हणाला, "हां आबा, तेच. अपस्केलिंग."

आणि या यंत्राला ही विद्या जन्मापासून नव्हती म्हणे. यंत्र आपल्याकडे आलं २००७ साली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने इंटरनेटवरून घरोघरच्या यंत्रांना ती शिकवली. झोपलेल्या पोराच्या डोक्यात पाढे घातल्यासारखं. तेव्हापासून पुष्कळ लोकांनी वेगळा डीव्हीडी प्लेयर घेतलाच नाही, याच्यावरच सिनेमे बघितले.

आता माणसं जाड का? तर जुना टीव्ही चौकोनाच्या जवळचा, चाराला तीन. नवा लांबोडा, सोळाला नऊ. यंत्रात चार पर्याय असतात. ऑफ, डबल स्केल, नॉर्मल, फुल स्क्रीन. ऑफ ठेवलं तर यंत्र हात लावत नाही, अंदाजाचं काम टीव्हीवर पडतं. फुल स्क्रीनला चित्र ओढून सगळा पडदा भरतं, आमची माणसं तशी ओढली गेली होती. नॉर्मलला माणूस आहे त्या बांध्याचा राहतो, पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. चित्र मग १९२० नाही, १४४० च रुंद. तोही भागाकार मी केला. पावणेचार पट. पाचाचं पावणेचार झालं, म्हणजे यंत्राची थाप तेवढी कमी.

नॉर्मल ठेवलं. सुनेला त्या काळ्या पट्ट्या आवडल्या नाहीत. एवढा मोठा टीव्ही आणि दोन्हीकडे अंधार कशाला, म्हणाली. पण आई पुन्हा काटकीसारखी झाली, पदर डोक्यावरून घेऊन अक्षता निवडायला लागली. लेक पुढे सरकून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. काळ्या पट्ट्यांवर मग कुणी काही बोललं नाही.

नातवाने दाखवायला म्हणून त्याच्याकडची एक ब्ल्यू-रे लावली होती मध्ये, कुठल्याशा इंग्रजी सिनेमाची. त्यात माणसाच्या दाढीचे खुंट मोजता येत होते. त्या तबकडीत २५ जीबी मावतं, आपल्या डीव्हीडीत ४.७. आणि आमच्या सीडीत तर तीन तासांचं लग्न त्या ४.७ मध्ये कोंबलेलं. धड दिसायचं तर एका तबकडीत दोनेक तासच घालावेत असं तो डोंबिवलीवाला म्हणाला. जास्त घातलं की चित्र पिळावं लागतं, मग हळदीचा पिवळा रंग असा चौकोनी ढेकळांसारखा फुटतो. आमचा फुटतच होता. शूटिंगवाल्याने तेव्हा विचारलं होतं, दोन सीड्या करू का? दुसरीचे पैसे वेगळे होते. मी म्हटलं होतं, एकातच बसव.

हे मी त्या दिवशी कुणाला बोललो नाही.

बघायचं ठरलं गौरीपूजनाच्या दुपारी. लेक माहेरी आलेली, जावईही आलेले. पूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, पहिल्यांदाच तिच्या अंगावर नवी साडी बघत होतो. बायको नेहमीप्रमाणे उठून निघाली होती, गौरीच्या नैवेद्याचं निमित्त होतंच. लेकीने तिचा हात धरला. "आये, बस ना. माझ्याजवळ बस." तेव्हा बसली. दाराकडे तोंड करून, पण बसली.

लग्न सुरू झालं. आवाज नाहीच जवळपास. शूटिंगवाल्याने माणसांचा सगळा आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी घातलेली. मंगलाष्टकं तेवढी खरी. माझा मोठा भाऊ, आता तोही नाही, तोंड हलवून कुणाला तरी काही सांगतोय आणि वर गाणं वाजतंय. नवरी कमळातून उगवते, नवरदेव बदामात येतो. तेव्हा याचं आम्हाला केवढं कौतुक! आता वाटलं, त्या कमळाच्या जागी भावाचं एक वाक्य ठेवलं असतं तर. कुणी पटकन हात हलवला की हाताच्या कडेला फणीचे दाते दिसायचे. जुन्या टीव्हीवर हे कधी दिसलं नव्हतं. तो एक ओळ आड एक ओळ दाखवायचा, त्यात ते खपून जायचं. नव्यावर खपत नाही.

आणखी एक गोष्ट नव्यावर खपत नाही ती म्हणजे कडा. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यातलं घड्याळ अर्धवट दिसत होतं, म्हणून नातवाने टीव्हीच्या रिमोटने चित्राच्या मापात काहीतरी बदल केला होता. घड्याळ पूर्ण दिसायला लागलं. तेवढंच आमच्या लक्षात. डोंबिवलीवाल्याने त्याचं कारण नंतर सांगितलं. जुना काचेच्या नळीचा टीव्ही चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच काढायचा, म्हणजे कडा चौकटीच्या आत लपून जायच्या. चारही बाजूंनी बोटबोटभर चित्र कधी कुणी बघितलंच नाही. काढणाऱ्यांनाही ते ठाऊक, म्हणून महत्त्वाचं काही कडेला ठेवत नसत. आमच्या सीडीतही खालच्या कडेला एक थरथरती घाण पट्टी होती, कॅसेटवरून उतरलेली. पंधरा वर्षांत ती आम्हाला दिसली नव्हती.

पाठवणी आली. मी मध्यभागी, फेटा सुटलेला, लेकीला धरून रडतोय. मागे जीप. शूटिंगवाला मांडवाच्या बाहेर उभा राहून घेतोय. उजव्या बाजूला मांडवाचा खांब, त्याला आंब्याचे डहाळे, त्याच्या पलीकडे आमची पडवी.

धाकटी नात म्हणाली, "तिथं कोण उभंय?"

नातवाने थांबवलं. खांबाच्या पलीकडे, अगदी कडेला, पडवीच्या दाराशी एक बाई उभी. अर्धीच दिसतेय, अर्धी चित्राच्या बाहेर. हातात काहीतरी गोल, परात असावी. टीव्हीवरच वीतभर, मग सीडीत केवढी असणार! चेहरा म्हणजे जेमतेम पंधरा-वीस ठिपके. बाकी सगळा यंत्राचा अंदाज. डोळा कुठला, कपाळ कुठलं, काही सांगता येईना. तोंडाच्या जागी एक मऊ तपकिरी डाग.

थोरला म्हणाला, काकी असेल. सून म्हणाली, शेजारची. मी गप्प.

बायको दाराकडे तोंड करून बसली होती ती वळली. बघितलं. म्हणाली, "ते निळं पातळ माजं. कामाचं. पदराला चुलीनं भोक पडलेलं, त्ये मी आत खोचायची."

खोचलेला पदर दिसत होता. म्हणजे निळ्यावर निळ्याची एक घडी दिसत होती. भोक दिसणं शक्यच नव्हतं.

"म्हंजे मी आले व्हते," ती म्हणाली. तिलाही आठवत नव्हतं. पंधरा वर्षं ती सांगत आली, की आपण मागच्या दारी होतो. आणि ही तर इथे उभी.

नातवाने पुढे चालू केलं. ती बाई हलत नाही. मग चित्रातला मी, लेकीला जीपकडे नेता नेता, एकदा मान वळवतो. उजवीकडे. पडवीकडे. क्षणभरच. मग परत जीपकडे. मग ती बाई वळते आणि आत जाते. सगळं मिळून अकरा सेकंद, नातवाने मोजले.

"तुमी बगितलंत की," बायको म्हणाली.

मी म्हटलं, "काय?"

"मला. मान वळवून बगितलंत. हाक नाय मारलीत."

घरात कुणी बोलेना. मी नातवाला म्हटलं, मागे घे. त्याने मागे घेतलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता, कॅमेरा माझ्याच जवळ होता ना. पण डोळे? डोळ्याच्या जागी दोन-चार काळे ठिपके आणि त्यांच्या भोवती यंत्राने भरलेला करडा. मी तिच्याकडे बघतोय, की खांबाकडे, की तिच्यामागे कुणाला शोधतोय, त्या ठिपक्यांतून निघेना. थोरल्याने मोबाईलने टीव्हीचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला, तर ढेकळंच मोठी झाली. नातवाला मी विचारलं, यापेक्षा स्वच्छ करणारं यंत्र नाही का रे? तो म्हणाला, "आहेत आबा, कम्प्युटरवर. पण ती पण डोळा स्वतःच काढतील."

मला आठवत नाही. हे मी खरं लिहितो. रडत होतो एवढं आठवतं, जीपचा ड्रायव्हर घाई करत होता ते आठवतं. मान वळवल्याचं आठवत नाही. दिसली असती तर हाक मारली असती, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या सकाळी मीच सांगितलं होतं, की घरातली रोज दिसतात. तेव्हा बोललो नाही.

लेक मात्र वेगळंच बघत होती. तिने आईच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी जीपमध्ये बसेपर्यंत तू तिथं होतीस. मला वाटायचं, तू आलीच नाहीस."

बायको म्हणाली, "आमटी लागत व्हती खाली. आले नि गेले." आणि मग तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ.

खालच्या घरून निरोप आला, सात वाजत आले, वायर पाठवा. नातवाने सीडी बाहेर काढली. कागद काढलेला असल्यामुळे ती आता कोरी, नाव नाही, गाव नाही. त्याने त्यावर पेनाने लिहिलं, 'आत्या, २००६'.

त्याच दिवाळीत थोरल्याने मुंबईत ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, तीन प्रती. एक महाडला गेली, एक मुंबईत, एक आमच्याकडे. उतरवणाऱ्याने विचारलं होतं, कडेच्या घाणेरड्या पट्ट्या कापून चित्र साफ करून देऊ का, पैसे जास्त नाहीत. थोरल्याने मला फोन केला. मी म्हटलं, एक ठिपकासुद्धा कापू नको म्हणावं.

आता सीडी लागली की बायको उठून जात नाही. पाठवणी जवळ आली की हातातलं काम ठेवते आणि उजव्या कडेला बघते. ती बाई आत वळली की पुन्हा कामाला लागते. मला परत काही विचारत नाही.